शिशाचे मणी

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. मागून कळण्यापेक्षा बरं. दिघोरीकडच्या एका शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं अन् बत्तीस वर्षांत माझ्या हातून जेवढे डस्टर फेकले गेले, तेवढे शाळेला मिळालेही नसतील. पोरं मागून मला काय म्हणत होती तेही ठाऊक आहे, पण ते इथं लिहीत नाही. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. आता फेकायला डस्टर नाही अन् ज्याच्यावर फेकावा असं घरात कोणी नाही. एकदा भात टाकला की दोन वेळा पुरतो. बोलायला रेडिओ आहे, पण त्याला उलट उत्तर देता येत नाही, म्हणून त्याच्यावरही चिडतो.

आमचं घर शेतीचं. धानाच्या बांध्या तलावाच्या पाण्यावर, त्यामुळे ताटात मासोळी ओघानं आलीच. पण मला खाण्यापेक्षा जाळं विणायचा नाद. माझा बाप विणत होता, आजा विणत होता. आम्ही काही मासेमारी करून पोट भरणारी माणसं नाही, पण रोवणी संपली की ओसरीवर जाळं टांगलं नाही असं आमच्या घरी कधी झालं नाही. आता बाजारात नायलॉनचं तयार जाळं मिळतं. मिळू द्या. मी विणत राहिलो.

फेकायचं जाळं पाण्यावर गोल उघडून तळाशी बसायचं असेल, तर त्याच्या काठाला वजन लागतं. ते वजन शिशाचं. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी फोडली की आतल्या जाळ्या निघतात. त्या लोखंडी पळीत घालून चुलीवर ठेवल्या की शिसं वितळतं, वर राखेसारखी साय धरते, अन् ती बाजूला सारली की खाली आरशासारखं चकचकीत दिसतं. ओल्या मातीत बोटानं सरी पाडायची, त्यात ते ओतायचं. थंड झालं की पट्ट्या निघतात. पट्ट्यांचे तुकडे करायचे, एकेक तुकडा काठाच्या दोरीला गुंडाळायचा अन् दातानं दाबून बसवायचा. हे झाले मणी. एका जाळ्याला शेकड्यानं लागतात. पक्कडीनं दाबलं की दोरा चिरतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. दाताला अंदाज असतो, पक्कडीला नसतो.

आता तुम्ही म्हणाल, विज्ञानाचा मास्तर अन् घरात शिसं चावणं? म्हणा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण माझ्याच घरात जन्मली असावी. धातूंच्या धड्यात ‘शिसे विषारी असते’ हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो, पोरांकडून वहीत उतरवून घेत होतो, ज्यानं चुकवलं त्याला उभं करत होतो. घरी येऊन पळी चुलीवर चढवत होतो. ते वाक्य परीक्षेचं होतं, मणी घरचे होते. बापानं केलं, आजानं केलं, त्यात विष कुठून येणार?

पण चावत मी नव्हतो. खर्ऱ्यानं माझे दात तिशीच्या आतच खिळखिळे केले होते. सुपारी-तंबाखू घोटून घोटून दाढांची वाट लागलेली. मणी चावत होती माझी बायको.

ती एकोडीची. तिच्या दातांचं कौतुक तिच्या माहेरीही होतं. चाराच्या बिया दातानं फोडून आतली चारोळी अख्खी काढायची. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मी मणी बसवायला धडपडत होतो, तुकडा सुटून सुटून खाली पडत होता अन् मी शिव्या घालत होतो. तिनं हातातलं सूप ठेवलं, म्हणाली, “आना इकडं जी. तुमच्यानं होत नाही.” अन् करकचून मणी बसवला. असा बसवला की नखानं हलेना. तेव्हापासून ते तिचं काम झालं.

संध्याकाळी चूल पेटवायच्या आधी ती माझ्यासमोर भिंतीला टेकून बसायची. मी गाठी मारत पुढं सरकायचो, ती मागून मणी बसवत यायची. शिंपी टाचण्या ओठांत धरतो, तसे पाच-सहा तुकडे ती गालात धरून ठेवायची अन् जिभेनं एकेक पुढं आणायची. तोंड भरलेलं, त्यामुळे बोलणं माझंच. शाळेतलं, हेडमास्तरचं, पोरांचं. ती हं, हं करायची. मध्येच हसू आलं की हात तोंडावर धरायची, तुकडे सांडू नयेत म्हणून. काम झालं की पदरानं ओठ पुसायची अन् त्याच हातानं भाकर थापायला उठायची. माझ्या आयुष्यातली चांगली वेळ कोणती असं कोणी विचारलं, तर तीच. दुसरी मला आठवत नाही.

तिला तीनदा दिवस गेले. पहिलं चौथ्या महिन्यात गेलं. बाया म्हणाल्या, पहिलटकरणीचं होतं असं. दुसरं पाचव्यात गेलं. तेव्हा बाया काही म्हणाल्या नाहीत, नुसत्या एकमेकींकडे पाहत राहिल्या. तिसऱ्या वेळी आम्ही फार जपलं. तिला बांधीवर जाऊ दिलं नाही, पाण्याची घागर उचलू दिली नाही. बसून बसून कंटाळते म्हणाली, म्हणून मीच तिच्यापुढं मण्यांची वाटी ठेवली. बसल्या जागचं काम, त्यात काय जातं? त्या पावसाळ्यात तिनं दोन जाळी पूर्ण केली.

आठव्यातच बाळंत झाली. मुलगा होता. एक दिवस जगला. रडलाही नाही धड.

त्या दिवशी घरात माणसं जमलेली होती. माझी आई होती, चुलत्या होत्या, शेजारपाजारचे होते. तिचा भाऊ नुकताच एकोडीहून आला होता, दारात चप्पल काढत होता. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. अन् मी, उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, सगळ्यांच्या समोर म्हणालो, “तुझ्या पोटातच जहर आहे.”

माझ्या आईनंही मला टोकलं नाही. ती वळली नाही. बाराव्या दिवशी भाऊ तिला घेऊन गेला. मी अडवलं नाही. वाटलं, येईल आठ-पंधरा दिवसांत. मग वाटलं, तिनं निरोप धाडावा, म्हणजे जाऊ. मग मलाही ताठा आला की आपण काहून जायचं? असं करता करता सव्वीस वर्षं गेली. काडीमोड झाला नाही, नांदणंही झालं नाही. तिनं दुसरं लग्न केलं नाही, मीही नाही. आई गेली तेव्हा एकोडीहून भाऊ येऊन बसून गेला, ती आली नाही. मी जाळी विणत राहिलो अन् उरलेल्या दाढांनी मणी स्वतःच चावत राहिलो. कोणाला सांगणार होतो?

पोट दुखायचं ते जुनंच. पोटात कोणीतरी ओलं कापड पिळतं तसं व्हायचं. गॅस म्हणून पावडरी खाल्ल्या, ओवा खाल्ला. नोकरीच्या शेवटच्या वर्षात खडू हातातून पडायला लागला. पोरं हसली की मी पेटायचो. गेल्या पावसाळ्यात मात्र तलावावर जाळं फेकलं तर ते उघडलंच नाही. गोळा होऊन धपकन पाण्यात पडलं. उजवं मनगट वर उचलेना, पंजा लोंबायला लागला. काठावर दोघं-तिघं होते, त्यातला एक म्हणाला, “गुरुजी, आता म्हातारे झाले तुम्ही.” मी त्याला काय म्हणालो ते सोडा. पण भंडाऱ्याला डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टरीण तरुण होती. म्हणाली, “या आजोबा.”

“आजोबा कोणाचा?” मी म्हणालो. “मले नातू नाही.”

तिनं काही मनावर घेतलं नाही. हात पाहिला, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, मग म्हणाली, आ करा. टॉर्च मारून हिरड्या बघत राहिली. मला वाटलं आता खर्ऱ्यावरून भाषण देते. तर विचारते काय, “काम काय करता तुम्ही?”

“निवृत्त मास्तर.”

“त्याशिवाय? बॅटऱ्यांचं काम, रंगाचं, कल्हईचं?”

“अवो बाई, मास्तर म्हटलं ना! मास्तर काय कल्हई लावते?”

“बरं, मग घरी वेळ कसा घालवता?”

जाळं विणतो, असं मी म्हणालो, अन् तिनं हातातला टॉर्च खाली ठेवला. पुढचं तिनं एकेक करून विचारलं अन् मी एकेक करून सांगितलं. वर्गात उत्तर येत नाही म्हणून उभं केलेल्या पोरासारखं माझं झालं. माझ्या हिरड्यांच्या काठाला दातांलगत एक काळी-निळी रेघ होती. ती मी रोज आरशात पाहत होतो अन् खर्ऱ्याचा डाग समजत होतो. रक्त नागपूरला धाडलं. आठवड्यानं पुन्हा गेलो तेव्हा तिच्या मोबाईलवर रिपोर्ट आलेला होता. शिसं. असायला नको तेवढं.

ती कागद घेऊन शिसं पेशीत काय करतं ते समजवायला लागली तर मी म्हणालो, “पेशी मले शिकवू नका. जन्म गेला त्याच्यात.”

ती हसली. म्हणाली, “मग तुम्हीच सांगा गुरुजी, कॅल्शियम पेशीच्या आत कसं जातं?”

आता हे मला येत होतं. पेशीला पडदा असतो, पडद्यात दारं असतात, कॅल्शियमसाठी वेगळी दारं असतात. आत गेलं की ते निरोप पोचवतं, मज्जातंतू चालतात, स्नायू आवळतात. मी दरवर्षी सांगत होतो तसंच सांगितलं. ती म्हणाली, “शिसं त्याच दारानं आत जातं. पेशीला फरक कळत नाही. तिला वाटतं कॅल्शियमच आलं.”

लग्नाच्या पंगतीत एखादा उपटसुंभ येऊन बसतो. पोरीकडचे समजतात पोराकडचा, पोराकडचे समजतात पोरीकडचा, अन् वाढपी त्याला आग्रह करून वाढतात. तसं हे. फक्त हा जेवून उठून जात नाही. ती सांगत गेली. आत गेलेलं शिसं विकरांना जाऊन चिकटतं अन् त्यांचं काम बंद पाडतं. रक्ताचा लाल रंग ज्यानं बनतो ती साखळी मध्येच तुटते, म्हणून माणूस पांढरा पडतो. पेशीची ऊर्जा जिथं तयार होते त्या तंतुकणिका निकामी होतात. झीज भरून काढायला पेशीजवळ जी शिल्लक असते ती संपते. मज्जातंतूंचं आवरण खराब होतं, म्हणून मनगट लोंबतं. तंतुकणिका मी किती सुंदर काढत होतो फळ्यावर. आतल्या घड्यासुद्धा मोजून काढत होतो.

“अन् उरलेलं हाडात जातं,” ती म्हणाली. “तिथंही कॅल्शियम म्हणूनच. बांबूच्या ढोलीत धान भरून ठेवावं तसं साठतं. वर्षानुवर्षं राहतं.” मग कागदावर काही लिहिता लिहिता तिनं सहज विचारलं, “घरी अजून कोण असतं?”

“कोणी नाही.”

“आधी कोणी होतं? हे काम करताना जवळ बसणारं?”

बाहेर पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला गेला. मी तिला सगळं सांगितलं. चौथा महिना, पाचवा महिना, आठवा. वाटी मीच पुढं ठेवली तेही सांगितलं. फक्त ते एक वाक्य सांगितलं नाही.

ती पोरगी खाली पाहत बोलली. गरोदरपणात बाळाची हाडं बनवायला कॅल्शियम लागतं. खाण्यातून पुरेसं मिळालं नाही की आईचं शरीर स्वतःच्या हाडातून काढून देतं. हाडात साठलेलं शिसंही तेव्हा सुटतं अन् रक्तात येतं. नाळ त्याला अडवत नाही, कारण नाळेलाही ते कॅल्शियमच वाटतं. आई लेकराला देत राहते.

“म्हणजे नक्की त्यानंच?” मी जवळजवळ ओरडलो.

“नक्की मी म्हणणार नाही. तेव्हा कोणी तपासलं नाही, आता सिद्ध करता येणार नाही. पण शक्यता मोठी आहे. त्या आहेत का? असतील तर त्यांचंही रक्त तपासायला हवं.”

मला राग आला. तिचा नाही. कोणाचा तेच कळेना, अन् ज्याचा आला त्याला मारता येईना. मग मी एक प्रश्न विचारला. विचारायला नको होता, पण आयुष्यभर ज्यानं प्रश्न विचारले त्याला सवय जात नाही. “मॅडम, शिशानं माणूस चिडका होते काय?”

“होऊ शकतो. मेंदूच्या पेशींवरही परिणाम होतो ना. चिडचिड, संताप, झोप न लागणं.”

हे ऐकून मला जो आनंद झाला, तो लिहायची लाज वाटते. तीन लेकरांची गोष्ट समोर उघडी पडलेली अन् मला आनंद झाला. बाहेर आलो तेव्हा छातीवरचा धोंडा कोणी उचलला असं वाटत होतं. म्हणजे मी नव्हतो तो. ते वाक्य मी बोललोच नव्हतो, शिसं बोललं होतं. सव्वीस वर्षं ज्या माणसाबरोबर मी एकटा राहत होतो, त्याचा गुन्हा कोणीतरी माफ केला. आता हे एकोडीला जाऊन तिला सांगायचं. दोष तुझा नव्हता, अन् दोष माझाही नव्हता. मग ती येईल. असं मी बसमध्ये बसल्या बसल्या ठरवूनही टाकलं.

बस पूल ओलांडून कारध्याला थांबली अन् पोटात कळ आली म्हणून मी उतरलो. नदीच्या काठाशी जाऊन बसलो. तिथं एक नवरा-बायको जाळं नीट करत बसले होते. तो गाठी मारत होता, ती मणी चावत होती. गाल फुगलेला. मी पाहिलं अन् काय झालं कळलं नाही, उठून ओरडलो, “थुक ते! थुक आधी!”

बाई दचकली. नवरा उभा राहिला. “काय झालं जी बुढ्या? काहून ओरडून राहिला?”

मी त्यांना शिसं सांगितलं, पेशी सांगितली, हाडं सांगितली. हात उचलून लोंबतं मनगट दाखवलं. तो हसला. म्हणाला, “आमचा बाप जिंदगीभर चावत होता. बैलासारखा होता मरेपर्यंत.” हेच मीही म्हणालो असतो. बाईनं तुकडे हातात काढले, पदरानं ओठ पुसले, माझ्याकडे पाहत राहिली. मी चढ चढून रस्त्याला लागलो अन् वळून पाहिलं, तर तिनं पुन्हा तोंडात घातले होते. अनोळखी बाईवर मी नदीकाठी ओरडू शकलो, अन् जिला सांगायचं होतं तिच्याकडे जायला मला पुढं दोन महिने लागले.

चिठ्ठ्या लिहिल्या. फाडल्या. प्रत्येक चिठ्ठी विज्ञानाच्या उत्तरासारखी व्हायची. शेवटी दिवाळी झाली, धान कापायला आलं अन् गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या. आमच्या झाडीपट्टीत मंडईच्या दिवशी दूरदूरचे सोयरे येतात. घरोघरी पाहुणे असतात, दुपारी दंडार, म्हणजे नाच-गाण्याचा खेळ असतो, अन् दारात आलेल्याला काहून आला असं कोणी विचारत नाही. एकोडीची मंडई गाठून गेलो. हेही माझं भित्रेपणच.

तिच्या भावाच्या घराला बांबूचं फाटक आहे. ओसरीवर ती एकटीच बसली होती. बाकीचे मंडईत गेलेले. केस पार पांढरे. मला पाहून उठली, पदर घेतला अन् म्हणाली, “या गुरुजी.”

गुरुजी. गावातलं प्रत्येक जण मला तेच म्हणतं. पण तिनं कधी म्हटलं नव्हतं. मी खाटेवर बसलो. ती पाणी घेऊन आली. लोटा तिनं दोन्ही हातांनी धरला होता, एका हातानं उचलत नसावा. चेहरा फिक्का, ओठ फिक्के. हे सगळं मी पाहिलं अन् सगळं मला कळलं, अन् तरी मी आधी पेशीपासूनच सुरुवात केली. पडदा असतो, दारं असतात, असं म्हणत.

“मले शाळा नोका शिकवू जी,” ती म्हणाली. “काय झालं ते सांगा.”

मग सांगितलं. “आपले तिन्ही लेकरं त्या शिशानं गेले असतीन. तू चावत होतीस त्या मण्यांनी. तुझ्या पोटाचा काही दोष नव्हता.”

ती खांबाला टेकून खाली बसली. मंडईतला ढोल ऐकू येत होता.

“जहर होतंच तं,” ती म्हणाली.

“होतं. पण तुझं नाही. मी आणलेलं.”

“मी आजवर कोणाच्या ओटीभरणाले गेली नाही,” ती म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती की अंगणाशी, सांगता येणार नाही. “ह्या घरात भाच्याची बायको दोनदा गरवार राहिली. तिच्या हातचं पाणी घेतलं नाही, तिच्या ताटात वाढलं नाही. लेकरू सव्वा महिन्याचं होईपर्यंत उचललं नाही. भाऊ चिडे. म्हणे, असं काही नसते. मी म्हणो, तुले काय माहीत? ते शिकले आहेत. विज्ञान शिकवतेत. ते म्हणतेत तं असंनच.”

मला वाटत होतं, त्या वाक्यानं ती दुखावली म्हणून गेली. रागावली म्हणून आली नाही. सव्वीस वर्षं मी तिच्या रागाला उत्तर तयार करत होतो. ती रागावलीच नव्हती. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी ज्यासाठी आलो होतो ते माझ्या तोंडात येऊन बसलं होतं. म्हणालो, “मी तेव्हा जे बोललो ना, तेही शिशानंच. डॉक्टरीण म्हणाली. मेंदूवर परिणाम होते. माणूस चिडते, काहीही बोलते. तो मी नव्हतो.”

तिनं पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं.

“मणी कोण चावत होतं जी?”

“तू.”

“मंग तुमच्याहून जास्त माझ्याच अंगात गेलं असंन.”

“हो.”

“मी कोणाले काय म्हटलं?”

मी डाव्या हातानं लोटा उचलून पाणी प्यायलो.

रस्त्यावरून कोणीतरी हाक मारली, “आत्या, चला ना! दंडार सुरू होऊन राहिली.” भाच्याची बायको असावी. कडेवर लेकरू होतं, ते इकडं हात करत होतं. ती खांबाला धरून उठली. पायात चप्पल सरकवली.

“त्या डॉक्टरणीचा पत्ता लिहून ठेवा,” ती म्हणाली. “भाच्यासंगं जाईन. तुम्ही येऊ नोका.”

मी खिशातला पेन काढला. डाव्या हातानं उजवं मनगट धरून लिहायला बसलो. दोन ओळी लिहायला फार वेळ लागला. तोवर ती फाटकापर्यंत पोचली होती. रस्त्यावरच्या पोरीनं लेकरू पुढं केलं. ती क्षणभर थांबली, दोन्ही हात पुढं केले अन् त्याला घेतलं. त्यानं तिचा कान धरला. मग ती माझ्याकडे न वळता म्हणाली, “जाताना फाटक लावून घ्या जी. बकऱ्या घुसतात.”

चिठ्ठी मी लोट्याखाली ठेवली अन् फाटक लावून घेतलं.